भिंतीपलीकडची साक्ष

टॅमसिन आली ती बुटांवरचा बर्फही न झाडता.
हातात फाइल, चार बोटं जाड.
"मिसेस रौतिओ, तुमच्याकडून एक पत्र हवंय.
आमचं लग्न खरं आहे, असं."

खरं आहे, असं.
दूध ताजं आहे, असं म्हणावं तसं.

माझ्या ओट्यावर तिने सगळं मांडलं.
घरभाड्याचा करार, खाली दोघांच्या सह्या.
विजेची अकरा बिलं, दोघांच्या नावाची.
लग्नाचा दाखला, त्यात एबोच्या आडनावातलं
एक अक्षर चुकलेलं,
ते सुधारून आणायला पैसे वेगळे आणि सहा आठवडे.
चाळीस फोटो, प्रत्येकाच्या पाठीवर तारीख, ठिकाण, कोण कोण.
केप कोस्टहून त्याच्या आईचं पत्र, फान्टीत,
त्याला टाचलेलं भाषांतर,
भाषांतराला टाचलेलं, भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र.
आणि दोघांचं फोनवरचं बोलणं, छापून काढलेलं, एकशेबारा पानं.
ती मी वाचली नाहीत.
वरचं एक दिसलं तेवढंच:
कांदे आण. आणि तू पण ये.

रात्री लिहायला बसले.
"मी, आयली रौतिओ, वय एक्याऐंशी, राहणार थंडर बे,
शपथेवर लिहून देते की
आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे
आणि ती पातळ आहे.
भांड्याला भांडं लागतं. रोज नाही, पण लागतं.
मंगळवारी मिठावरून लागलं.
तो म्हणाला, तुमच्या देशात जेवणाला चव नाही.
ती म्हणाली, मग जा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग नळ सुटला. एक घासतंय, एक पुसतंय, असा आवाज.
साहेब, खोटं लग्न केलेली माणसं
मिठावरून भांडत नाहीत.
त्यांना एवढी सवड कुठली."

टॅमसिन वाचून हसली, मग गप्प झाली.
"वकीलबाई म्हणतात, भांडणं नकोत."

खोडलं.

खोडता खोडता विल्हो आठवला.
त्रेचाळीस वर्षं.
खातं एकच, त्याच्या नावावर.
फोटो तीन. एकात त्याचे डोळे मिटलेले,
एकात मी नाहीच, बर्फावर माझी सावली,
कारण कॅमेरा माझ्याच हातात.
त्याच्या भावाच्या होडीवरून एक अख्खा हिवाळा
आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.
धान्याच्या कोठारावरून तो यायचा, भुशाने पांढरा,
तळघरात सौना तापवायचा,
आणि माझ्या दारावर दोनदा टकटक.
म्हणजे, ये, तापलंय.
मी जायचे.
हे कुठल्या रकान्यात भरलं असतं?
कोणी विचारलंच नाही.
दोघं इथेच जन्मलो, एवढीच आमची पुण्याई.

दुसरं पत्र सभ्य झालं.
उणे तीसमध्ये पहाटे पाचला तो आधी तिच्या गाडीची काच खरवडतो,
वेळ उरला तर माझी पायरी,
असं लिहिलं. तेही खरंच आहे.
कचेरीत हात वर करून शपथ घेतली. शिक्का बसला.

आठवड्याने टॅमसिन पुन्हा दारात, ओशाळलेली.
"एक राहिलंय. आम्हाला नवरा-बायको म्हणून
कधीपासून ओळखता? तारीख हवी."

तारीख.
ते राहायला आले ती?
की त्या गारठ्यात तारा तुटून अख्खी गल्ली काळोखात गेली ती रात्र,
पलीकडे काहीतरी मोठं पडलं, फुटलं,
श्वासभर शांतता,
आणि मग दोघं हसायला लागले, थांबेचनात,
इतके की अलीकडे मी, मेणबत्ती हातात,
कशावरून ते न कळता
एकटीच हसत उभी.
त्या रात्रीची वीज कुठल्याच बिलात नाही.

मी लिहिलं, चौदा नोव्हेंबर.
साल मात्र
तिलाच विचारावं लागलं.